ग्रामीण उपजीविका व पर्यावरण प्रशिक्षण, जालना जिल्ह्यातील

ग्रामीण कुटुंबांना आपल्या परिसरातील जमीन, पाणी, वनस्पती व पशुधन यांचा ऱ्हास न होऊ देता त्यांवर निर्वाह चालविता यावा, यासाठी दिल्या जाणाऱ्या पद्धतशीर शिक्षणास ‘ग्रामीण उपजीविका व पर्यावरण प्रशिक्षण’ असे म्हणता येईल. यात शेतीची सुधारित तंत्रे, मृद्‌संधारण व जलसंधारण, फळबागा, रेशीमशेती, बीजोत्पादन, पशुपालन, शेतमालप्रक्रिया, हिशेब व पतव्यवहार आणि गावाच्या सामाईक साधनांचे व्यवस्थापन या विषयांचा समावेश होतो. केवळ उत्पन्न वाढविणारे प्रशिक्षण आणि साधनसंपत्तीचे भान ठेवून उत्पन्न वाढविणारे प्रशिक्षण यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात पीक हे लक्ष्य असते, तर दुसऱ्यात पीक ज्यावर उभे राहते ती माती व ते पाणी यांचाही विचार असतो. जालना जिल्हा हा या भेदाचा अभ्यास करण्यास विशेष सोयीचा आहे. येथे अल्प व अनियमित पाऊस, वारंवार पडणारा दुष्काळ, बियाणे उद्योगामुळे आलेले विशेष कौशल्य आणि स्वयंसेवी संस्थांनी चालविलेले पाणलोट क्षेत्र विकासाचे प्रयोग या सर्व गोष्टी एकाच प्रदेशात एकत्र आलेल्या आढळतात.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी : १ मे १९८१ रोजी पूर्वीच्या औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचे विभाजन करून व परभणी जिल्ह्यातील परतूर भाग त्यास जोडून जालना जिल्हा निर्माण करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ ७,७१८ चौ. किमी. व लोकसंख्या १९,५९,०४६ (२०११) असून त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्णा, दुधना, गिरजा, केळणा व कुंडलिका या जिल्ह्यातील इतर नद्या होत. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे असून बहुतेक भूभाग दक्षिणी बेसाल्ट खडकाचा आहे.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या खडकाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. बेसाल्टचा घट्ट थर पाणी मुरू देत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात, खडकाच्या भेगांत व सच्छिद्र पट्ट्यांत. त्यामुळे येथील भूजलसाठा उथळ व तुटक असून तो एका पावसाळ्यात भरतो व उन्हाळ्यापर्यंत बव्हंशी संपतो. नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात असतो तसा शेकडो फुटांचा संचय येथे नसतो. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सु. ६५० ते ७५० मिमी. असले, तरी ते काही मोजक्या दिवसांतच पडते आणि दोन पावसांतील खंड कित्येकदा तीन-चार आठवड्यांचा असतो. ‘जालना सोने का पालना’ अशी एक जुनी म्हण आहे. ती मुख्यतः शहराच्या व्यापारी समृद्धीस उद्देशून रूढ झाली. भोवतालच्या कोरडवाहू खेड्यांची स्थिती मात्र तशी नव्हती. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर, बाजरी व मका आणि रब्बीत ज्वारी व हरभरा ही प्रमुख पिके होत. हंगाम फसला की अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे ऊसतोडणीस, वीटभट्ट्यांवर किंवा शहरांतील बांधकामांवर जातात. गावात राहून वर्षभर पोट भरता येणे हाच येथे ‘शाश्वत उपजीविका’ या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ आहे.

ऐतिहासिक आढावा : शेतकऱ्यास शास्त्रीय ज्ञान मिळावे, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, तसेच बांध घालून व पाणी अडवून जमिनीचा कस राखावा, असे सुचविले होते. पुढे महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत हाताचे काम व बुद्धीचे शिक्षण यांची सांगड घातली होती. स्वातंत्र्योत्तर काळात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समाजविकास कार्यक्रमामुळे ग्रामसेवक हा खेड्यापर्यंत पोहोचणारा पहिला शासकीय विस्तारक ठरला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवटीत शिक्षण व सिंचन या दोन्ही बाबतींत तो मागे राहिला असल्याने विस्तारकार्याचा पायाही येथे दुबळा होता.

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना परभणी येथे १८ मे १९७२ रोजी झाली (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). त्याच सुमारास १९७२-७३ चा दुष्काळ पडला. या दुष्काळात लक्षावधी लोकांनी खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे केली. त्यातूनच रोजगार हमी योजना आकारास आली व १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. दुष्काळी कामातून मजुरी मिळाली, परंतु पुढचा दुष्काळ टाळण्याचे ज्ञान मिळाले नाही, ही जाणीव याच काळात बळावली. कामाला दिशा हवी असेल, तर काम करणाऱ्यासही ते का करावयाचे हे कळले पाहिजे, या विचारातून पाणलोट क्षेत्र विकास व लोकशिक्षण यांची जोड घालण्याचा प्रयत्न सुरू झाला. जमीन व पाणी व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी वाल्मी ही संस्था १९८० मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झाली. तिचा भर प्रारंभी कालवा सिंचनावर व अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर होता.

जागतिक पातळीवर ब्रंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा रूढ केली आणि रीओ दे जानेरो येथील १९९२ च्या परिषदेत संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ या कार्यक्रमपत्रिकेत शिक्षण, लोकजागृती व प्रशिक्षण यांना स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. जालन्यातील प्रयत्नांचा उगम मात्र अशा ठरावांपेक्षा येथील कोरड्या विहिरींत अधिक आहे.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्था : (१) कृषी विज्ञान केंद्रे : डॉ. मोहनसिंह मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे उघडण्यात आले. ‘करून शिकणे’ व ‘करून दाखवून शिकविणे’ हे या केंद्रांचे मूलतत्त्व होय. जालन्याजवळ खरपुडी येथील केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही स्वयंसेवी संस्था चालविते. या संस्थेच्या उभारणीत व मराठवाड्यातील पाणलोट चळवळीत विजयअण्णा बोराडे यांचा वाटा मोठा आहे. खरपुडीचे मासिक चर्चासत्र हा शेतकऱ्यांच्या प्रौढ शिक्षणाचा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार मानावा लागेल. त्यात तज्ञाचे व्याख्यान होते. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रयोग करून पाहिलेले शेतकरी आपला अनुभव व आपले अपयशही मांडतात. बदनापूर येथे कृषी विद्यापीठाचे दुसरे केंद्र असून तेथील कृषी संशोधन केंद्र कडधान्यांसाठी, विशेषतः ‘बीडीएन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे.

(२) पाणलोट प्रशिक्षण संस्था : हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू व क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन झाली. भारत-जर्मनी पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमात गावांची व तेथील संस्थांची क्षमता वाढविण्याचे काम तिच्याकडे व पुढील अर्थसाहाय्याचे काम नाबार्डकडे होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील दरेवाडी येथे तिचे निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन व जाफराबाद या तालुक्यांतही तिने काम केले आहे.

(३) स्वयंरोजगार व कौशल्य प्रशिक्षण : कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात बँकांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था (आरसेटी) काढाव्यात, असे धोरण पुढे केंद्र शासनाने स्वीकारले. त्यांतील शिक्षण अल्पमुदतीचे, निवासी व विनामूल्य असते. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, शेळीपालन, मोटार दुरुस्ती इ. विषय शिकविल्यावर प्रशिक्षणार्थ्याचा दोन वर्षे पाठपुरावा करावा, अशी योजना आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना मात्र नोकरीसाठी तयार करणारी असून तिचा ओढा स्वाभाविकपणे शहराकडे आहे.

(४) स्त्रियांच्या संघटना : महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) व ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान (२०११) यांनी बचत गटांच्या जाळ्यातून प्रशिक्षणाची साखळी उभी केली. गावातीलच स्त्रीला कृषीसखी किंवा पशुसखी म्हणून तयार करणे, हे या साखळीचे वैशिष्ट्य होय. शेळ्यांचे जंतनिर्मूलन, लसीकरणाचे वेळापत्रक, जनावरांच्या आजाराची प्राथमिक लक्षणे यांसारखे ज्ञान त्यामुळे दारापर्यंत पोहोचते.

(५) शासकीय प्रकल्प : जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील पंधरा जिल्ह्यांत जालन्याचा समावेश होता. या प्रकल्पात शेतीशाळा भरविण्यात आल्या. शेतीशाळेची कल्पना मूळची इंडोनेशियातील भातशेतीची. तेथे १९८९ मध्ये किडींच्या एकात्मिक नियंत्रणासाठी शेतकऱ्यांना शेतातच आठवड्यामागून आठवडे निरीक्षण करण्यास शिकविण्यात आले. फवारणी कोणती करावी हे सांगण्यापूर्वी फवारणीची गरज आहे काय, हे शेतकऱ्याने मोजून ठरवावे, असे तिचे सूत्र आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही जालना जिल्हा समाविष्ट होता व तीत गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यास शिकविण्यावर भर होता.

प्रशिक्षणाचा आशय व पद्धती : पाणलोटाचे शिक्षण ‘माथा ते पायथा’ या सूत्राने सुरू होते. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब शक्यतो तेथेच अडवावा, उतारावर त्याचा वेग कमी करावा व पायथ्याशी तो साठवावा, असा हा क्रम आहे. प्रशिक्षणार्थी प्रथम शिवारफेरी करतात. ‘अ’ अक्षरासारख्या लाकडी चौकटीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने समान उंचीचे बिंदू शोधून समतल रेषा आखणे, हा पहिला धडा असतो. त्यानंतर सलग समतल चर, बांधबंदिस्ती, अनघड दगडांची घळबंदी, जाळीचे बंधारे, माती नालाबांध व सिमेंट नालाबांध यांची जागा कशी ठरवावी, हे प्रत्यक्ष शिवारात दाखविले जाते. चर समतल नसेल, तर त्यातून पाणी एका बाजूस धावते व ज्या ओघळीस थांबवावयाचे तीच अधिक रुंद होते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य पुन्हा विसरत नाही. फळ्यावर सांगितलेले मात्र सहज विसरले जाते.

दुसरा टप्पा शेतनिहाय नियोजनाचा. गावाच्या नकाशावर प्रत्येक गट दाखवून पती-पत्नी दोघांसमवेत त्या शेताची पाहणी करावयाची, मातीची खोली व उतार नोंदवावयाचा आणि तेथे काय करावे हे त्यांच्या संमतीने ठरवावयाचे, अशी ही पद्धत आहे. वरच्या शेतातील बांध खालच्याच्या विहिरीस उपयोगी पडतो, पण त्याची जागा वरच्याची जाते. हा हितसंबंध उघडपणे मांडल्याखेरीज कोणतेही काम टिकत नाही. म्हणूनच भारत-जर्मनी कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून आपली इच्छा सिद्ध करावी, मोकाट चराई व वृक्षतोड बंद करावी आणि गावसभेने निवडलेल्या पाणलोट समितीने पैशाचा हिशेब ठेवावा, अशा अटी होत्या. मुख्य कामापूर्वी एक-दीड वर्षाचा काळ क्षमताबांधणीसाठी राखून ठेवलेला असे. लहान क्षेत्रावर काम करून पाहणे, चुकणे व सुधारणे हाच या काळाचा अभ्यासक्रम होता.

तिसरा व सर्वांत अवघड धडा गणिताचा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक सेंमी. पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी मिळते. या हिशेबाने ७०० मिमी. पावसात हेक्टरी ७० लाख लिटर पाणी पडते. त्यातील काही वाहून जाते, बरेचसे बाष्परूपाने उडते व थोडाच भाग जमिनीत मुरतो. मुरलेले पाणी, पिण्याची व जनावरांची गरज आणि उभ्या पिकांची गरज ही तीन आकडेवारी शेजारी-शेजारी लिहिली, की गाव कोणती पिके घेऊ शकते याचे उत्तर बहुधा भिंतीवरच दिसू लागते. रब्बी ज्वारी जमिनीतील ओलाव्यावर व एखाद्या पाण्यावर येते. उसाला वर्षभरात १,५०० मिमी.हून अधिक, म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसाच्या दुपटीहून जास्त पाणी लागते.

कडवंचीचा प्रयोग : जालना तालुक्यातील कडवंची हे प्रशिक्षण व साधनसंपत्ती यांच्या संबंधाचे सर्वपरिचित उदाहरण होय. भारत-जर्मनी कार्यक्रमाखाली १९९६ पासून खरपुडीच्या मंडळाने येथे १,८८८ हे. क्षेत्रावर पाणलोट विकासाचे काम केले. ७०० मिमी. पावसाच्या वर्षी एवढ्या क्षेत्रावर सु. १.३२ कोटी घ.मी. पाणी पडते, त्यातील किती गावात राहते, हाच येथील प्रश्न होता. तत्पूर्वी हे गाव कोरडवाहू पिकांवर अवलंबून होते व विहिरी हिवाळ्यानंतर आटत. समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांध यांची कामे पूर्ण झाल्यावर विहिरींची पातळी उंचावली. त्यापुढची पायरी कृषी विज्ञान केंद्राच्या सततच्या मार्गदर्शनाची होती. ठिबक सिंचन, शेततळी, द्राक्षबागेची छाटणी व रोगनियंत्रण हे विषय शेतकऱ्यांनी टप्प्याटप्प्याने आत्मसात केले आणि गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. २०१२-१३ च्या दुष्काळाचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना झाली. जिल्ह्यात अन्यत्र फळबागा वाळत असता कडवंचीने आपल्या बागा बव्हंशी टिकविल्या. तेव्हापासून हे गाव स्वतःच एक शाळा बनले असून राज्यातून शेतकऱ्यांचे गट ते पाहावयास येतात.

कडवंचीचे यश दोन गोष्टींच्या क्रमात आहे : आधी सबंध पाणलोटाचे सामाईक काम व नंतर व्यक्तिगत बागायत. पाहणीस येणाऱ्यांच्या नजरेत मात्र शेततळे व द्राक्षे चटकन भरतात. डोंगरावरील चर व बांध गवताखाली झाकले गेलेले असतात. त्यामुळे अनेक गावांनी या उदाहरणातून दुसरा भाग उचलला व पहिला सोडून दिला. अशा अनुकरणाचे परिणाम पुढे दिले आहेत.

शेततळ्यांचा प्रश्न : २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यावर राज्यात शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. ३० मी. लांब, ३० मी. रुंद व ३ मी. खोल आणि १:१ उताराच्या बाजू असलेल्या तळ्यात सु. २२ लाख लिटर पाणी मावते. वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात साठविले, तर खंडकाळात पिकास एक-दोन पाणी देऊन हंगाम वाचविता येतो. शेततळ्याचा मूळ हेतू हाच होय. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली अनेक तळी विहिरींतून व कूपनलिकांतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. त्यायोगे भूगर्भातील सामाईक साठा एका व्यक्तीच्या खाजगी टाकीत येतो. उन्हाळ्यात तळ्याच्या पृष्ठावरून दिवसाला ८ मिमी. पाणी उडते असे धरल्यास ९०० चौ. मी. पृष्ठभागातून रोज सु. ७,२०० लिटर पाणी वाया जाते. पृष्ठभाग तेवढाच राहिला असे मानल्यास तीन महिन्यांत ही तूट साडेसहा लाख लिटरच्या आसपास, म्हणजे एकूण साठ्याच्या जवळजवळ तीन-दशांश होते. जमिनीखाली असताना हे पाणी असे उडत नव्हते. ज्याच्याजवळ अस्तरासाठी व पंपासाठी भांडवल आहे त्याला पाणी मिळते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर लवकर आटते. तळे खोदण्याचे तंत्र शिकविले, पण ते कशाने भरावे हे शिकविले नाही, तर प्रशिक्षणच विषमतेचे साधन ठरू शकते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यामध्ये उपशाच्या नियमनाची तरतूद आहे. तथापि गावाच्या संमतीवाचून केवळ कायद्याने असे नियमन होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

व्यवसायनिष्ठ कौशल्ये : (अ) बीजोत्पादन : बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली, त्यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. या उद्योगाने जिल्ह्यातील व लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या शेतांवरच संकरित बियाणे तयार करविले. संकरित कापसात मादी झाडाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर दुपारनंतर हाताने काढून टाकतात व दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलातील पराग तिच्या कुक्षीवर लावतात. या कामास ग्रामीण भाषेत ‘क्रॉसिंग’ असेच म्हणतात. नखाची हालचाल थोडी चुकली तर कळी गळते, एखादे पुंकेसर राहिले तर बियाणे अशुद्ध होते. हे नाजूक काम बहुतांशी स्त्रिया करतात. जाफराबाद व देऊळगाव राजा परिसरात छायाजाळीखाली (शेडनेट) मिरची, टोमॅटो, काकडी इ. भाज्यांचे बीजोत्पादन होते. थोड्या जमिनीतून व थोड्या पाण्यातून अधिक उत्पन्न देणारा हा व्यवसाय असला, तरी शुद्धतेच्या चाचणीत माल नापास झाल्यास सर्व जोखीम उत्पादकावर येते. म्हणून करार वाचणे व समजून घेणे हाही या प्रशिक्षणाचा भाग असणे जरूर आहे.

(आ) रेशीमशेती : एकदा लावलेली तुती दहा-बारा वर्षांहून अधिक काळ पाला देते व तिला उसाच्या तुलनेने पुष्कळच कमी पाणी लागते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोश विणेपर्यंत अळी सु. २५ ते २८ दिवस घेते व तेवढ्यात ती चार वेळा कात टाकते. पहिल्या दोन अवस्थांतील संगोपनास ‘चॉकी’ म्हणतात. ते प्रशिक्षित केंद्रात झाले, तर पुढील अवस्थांतील मर पुष्कळ कमी होते. संगोपनगृहाचे निर्जंतुकीकरण, हवा खेळती ठेवणे आणि तापमान २५° ते २८° से. च्या आसपास राखणे हे शिक्षणाचे मुख्य विषय होत. जालन्यात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने उन्हाळ्यातील पीक धोक्याचे असते. पूर्वी कोश विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत कोश खरेदी-विक्री सुरू झाल्यामुळे ही अडचण दूर झाली. जवळ बाजार आल्यावर शिकलेले कौशल्य टिकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

(इ) मोसंबी बागा : अंबड, घनसावंगी, बदनापूर व जालना या तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१२-१३ मध्ये बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. अनेकांनी टँकरने पाणी घालून झाडे वाचविली, अनेकांनी ती तोडून टाकली. पाणीटंचाईच्या वर्षी बहार न धरणे, हलकी छाटणी करून पाने कमी करणे, आळ्यात काडीकचऱ्याचे आच्छादन घालणे, खोडास बोर्डो मलम लावणे व पानांवर केओलिनची फवारणी करून बाष्पोत्सर्जन घटविणे हे उपाय शिकविले जातात. फळ न घेता झाड जगविणे हा निर्णय शेतकऱ्यास फार कठीण वाटतो. कर्जाचा हप्ता देणे असलेल्या कुटुंबास तर तो बहुधा घेताच येत नाही. तांत्रिक सल्ला व पतव्यवहार यांचा मेळ नसल्यास शिकलेले आचरणात येत नाही, असे यावरून दिसते.

स्त्रिया व भूमिहीन : शेतातील निंदणी, वेचणी व क्रॉसिंग ही कामे स्त्रिया करतात, सातबारा उताऱ्यावर नाव मात्र बहुधा पुरुषाचे असते. अनुदान, पीककर्ज व पुष्कळदा प्रशिक्षणाची निवडही उताऱ्यावरून होत असल्याने जी प्रत्यक्ष काम करते ती वर्गात नसते. बचत गटांमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली आहे. सभेची वेळ, लहान मुलांची सोय व गावातच होणारे शिक्षण या साध्या बाबींवर स्त्रियांची उपस्थिती अवलंबून असते. घरापुरते धान्य व भाजीपाला प्रथम पिकवावा, उरलेल्या जमिनीत नगदी पीक घ्यावे, हा विचार मराठवाड्यातील स्त्री-गटांनी पुढे नेला आहे. भूमिहीनांचा प्रश्न वेगळा आहे. चराईबंदीमुळे गवत वाढते, परंतु पहिली दोन-तीन वर्षे शेळ्या राखणाऱ्यास चारा मिळत नाही. पाणलोटाचा लाभ जमीनधारकास व त्याची झळ भूमिहीनास, असे होऊ नये यासाठी कापून नेण्याच्या चाऱ्यावर त्याचा हक्क ठरविणे, बंधाऱ्यातील मासेमारी गटांना देणे, बंदिस्त शेळीपालन शिकविणे यांसारखे उपाय प्रशिक्षणाच्या आरंभीच ठरवावे लागतात.

मूल्यमापन : जालना जिल्ह्यात प्रशिक्षणाच्या संधी आता कमी नाहीत. उणीव आहे ती त्यांच्या परस्परसंबंधाची. एकच शेतकरी एका योजनेत ठिबक, दुसरीत शेततळे व तिसरीत पाण्याचा ताळेबंद शिकतो. परंतु तिन्ही धडे एकत्र आणून गावाचा निर्णय करणारी बैठक क्वचितच होते. प्रशिक्षणाचे यश किती लोक हजर राहिले यावर मोजले जाते, दोन वर्षांनी त्यांतील किती जण शिकलेले वापरतात यावर नव्हे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्याने कित्येक वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने उरकले जातात. पेरणीपूर्व बीजप्रक्रियेचा धडा मात्र मे-जूनमध्ये हवा असतो. पाणलोट समित्या प्रकल्पाचा निधी असेपर्यंत कार्यरत राहतात. त्यानंतर बंधाऱ्यातील गाळ काढणे व फुटलेले बांध सांधणे हे कोणी करावयाचे, हे न ठरल्यास दहा-पंधरा वर्षांत कामाचा लाभ ओसरतो.

ज्या ठिकाणी प्रशिक्षण फलदायी झाले, तेथे काही समान लक्षणे आढळतात : शिक्षण शेतात व हंगामाबरोबर झाले, शिकविणारी संस्था वर्षानुवर्षे त्याच परिसरात राहिली, शिकलेल्या शेतकऱ्यांनीच पुढील शेतकऱ्यांना शिकविले आणि जवळ बाजार व पत यांची सोय होती. पाण्याच्या बाबतीत याला आणखी एका लक्षणाची जोड द्यावी लागते. आपल्या शेतातील पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या विहिरीचाही हिशेब जेथे केला गेला, तेथेच मिळालेली समृद्धी पुढच्या दुष्काळात टिकली. बेसाल्टच्या उथळ साठ्यावर जगणाऱ्या प्रदेशात भूजल हे एकट्याचे नसून सबंध पाणलोटाचे आहे, हा विचार रुजविणे हेच येथील प्रशिक्षणाचे सर्वांत महत्त्वाचे व अद्याप अपुरे राहिलेले कार्य होय.